अंडी किती देतात?

परसात कोंबड्या पाळल्या आहेत असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न हाच असतो. कुत्रा पाळणाऱ्याला कुणी ‘आजवर चोर किती पकडले?’ असं विचारत नाही. कोंबडीला मात्र पहिल्या भेटीतच कमाईचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या चौघींपैकी सध्या एकच अंडी घालते, तीही तिच्या मर्जीने. हे ऐकलं की विचारणारा जरा घुटमळतो आणि मग म्हणतो, "मग ठेवल्यात कशाला?"

त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. पिल्लांपासून सांगावं लागतं.

अंडं उबायला 21 दिवस लागतात. बाहेर यायच्या थोडं आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोनेक दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबवर पाठवता येतात. आमची सहा पिल्लं तशीच आली. खोक्याचं झाकण उघडलं आणि त्यानंतर कित्येक आठवडे घरात कुणाचंच काम वेळेवर झालं नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. सहाएक आठवड्यांत अंगभर पिसं आली की दिवा काढून टाकायचा. थर्मामीटर लावलेला होता, पण तो बघायची गरज लवकरच संपली, कारण पिल्लं स्वतःच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली म्हणजे गारठलीत. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली म्हणजे तापलीत. कुणी खातंय, कुणी भुसा उकरतंय, कुणी मध्येच आडवं झालंय असं दिसलं की समजायचं, बरं चाललंय. हे आडवं होणं पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव घेतं. पिल्लू चालता चालता थबकतं, मान टाकतं, पंख पसरतं आणि जागच्या जागी गाढ झोपतं. आमची लेक पहिल्या दिवशी रडत आली, "आई, एक मेलं." मी जाऊन बघेपर्यंत ते मेलेलं पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर उभं होतं.

उबेचा दिवा मात्र मजेचा विषय नाही. तो नुसत्या पकडीवर टांगून ठेवू नये. साखळीने वेगळा बांधावा. खाली कोरडा भुसा असतो आणि वर तापलेला बल्ब. आग लागायला याहून जास्त काही लागत नाही. पाण्याच्या ताटलीत गुळगुळीत खडे टाकावे लागतात, नाहीतर झोपाळू पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. आणि रोज एकेकाला उचलून त्याचं बूड तपासायचं. विष्ठा वाळून तिथे चिकटली तर मार्ग बंद होतो आणि पिल्लू दगावतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून ते हलक्या हाताने सोडवायचं, ओढायचं नाही. कोंबड्या पाळण्याचे सुंदर फोटो खूप बघितले होते. त्यांतल्या एकातही हा कापूस नव्हता.

धुळीबद्दलही कुणी सांगत नाही. पिसं फुटायला लागली की त्यांची आवरणं झडतात, आणि त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढरट थर बसतो. पुस्तकांची खोली असेल तर पिल्लं तिथे ठेवू नयेत, एवढंच म्हणते.

खुराड्यावर आम्ही जास्त वेळ घालवला आणि त्याचं समाधान अजून वाटतं. षट्‌कोनी छिद्रांची जी पातळ जाळी ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून विकली जाते, ती कोंबडीला आत ठेवते; बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि बारीक अंगाच्या शिकाऱ्याला तर तिच्या छिद्रातूनच वाट असते. आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाळी लावली, आणि भिंतीच्या बुडाशी तीच जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर हातभर पसरून वर माती टाकली. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीला लागूनच उकरायला लागतो. खाली जाळी लागली की मागे सरकून नव्याने सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. दाराला एक कडी पुरत नाही. फिरवून मग ओढावी लागेल अशी दुहेरी कडी हवी, कारण काही प्राण्यांचे पंजे आपल्याला वाटतात त्यापेक्षा हुशार असतात.

आतल्या बाजूला प्रत्येक कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात दहा चौरस फूट, हे किमान माप धरतात. किमान म्हणजे किमान. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्या त्या लाल ठिपक्यावर चोच मारतच राहतात. रात्री बसायची दांडी घरट्याच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते. खोकं उंच असेल तर ती खोक्यातच झोपेल आणि सकाळी अंडी घाणीत मिळतील. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं म्हणतात. आम्ही दोन केली. दोन्ही सारखी, दोन्हींत सारखा भुसा. सगळ्या डावीकडच्यातच जातात. आत कुणी बसलेली असेल तर बाहेर उभ्या राहून तक्रार करतात, पण उजवीकडच्यात जात नाहीत.

हवा खेळती ठेवायची, तीही त्यांच्या डोक्यावरून. कोंबडीच्या श्वासातून आणि विष्ठेतून इतकी ओल सुटते की बंद खुराड्यात सकाळपर्यंत भिंतींना पाणी सुटतं. ओल्या भुशातून अमोनिया येतो. आपल्याला उभ्याने वास येत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं. गुडघ्यावर बसून त्यांच्या उंचीवर नाक न्यावं. कोरडा, जाड थर, वरचेवर वर-खाली केलेला, आणि ओला झालेला भाग लगेच बाहेर, एवढं सांभाळलं तर वास जवळजवळ येतच नाही. माश्याही कमी होतात. निघालेलं खत ताजं असताना झाडांना घालू नये. त्यातल्या नायट्रोजनने मुळं जळतात. काही महिने कुजवलं की मग बाग खूश. अर्थात बाग शिल्लक असेल तर! मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या रोपांच्या वाफ्यात शिरल्या की मागे फक्त उकरलेली माती उरते. आमच्याकडे आता बागेला कुंपण आहे आणि कोंबड्या मोकळ्या आहेत.

कोंबडीच्या विष्ठेविषयी एवढं बोलावं लागेल असं मलाही वाटलं नव्हतं, पण पाळायचं म्हटलं की रोज सकाळी तीच वाचायची असते. तपकिरी गोळा आणि वर पांढरी टोपी, हे ठीक. पांढरं म्हणजे युरिक आम्ल, कोंबडीचं मूत्र ते हेच. मधूनच एखादी चिकट, चॉकलेटी आणि भयानक वासाची असते, तीही ठीक. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते. रक्त दिसलं, आणि पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात उभं असलं, तर मात्र रक्ती हगवणीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. ओल्या भुशात त्या रोगाचे जंतू वाढतात. मानमोडी आणि देवी या रोगांच्या लसी वेळापत्रकाने द्यायच्या. मॅरेक्स या रोगाची तर पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेतानाच विचारून घ्यावं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात तलंगेचा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबडीचा, फिका तुरा लालबुंद होतो. वरून हात नेला की ती पळायच्या ऐवजी पंख किंचित उघडून खाली दबते. हे दिसलं की अंडं जवळ आलं. आमच्या तांबडीने पहिलं घातलं तेव्हा तिने केलेला आरडाओरडा ऐकून आम्हाला वाटलं कुणी हल्ला केला. बाकीच्याही तिच्या सुरात सूर मिसळून ओरडत होत्या. खोक्यात एक छोटंसं, एका टोकाला रक्ताची पुसट रेघ असलेलं अंडं होतं. सुरुवातीची अंडी अशीच येतात: लहान, कधी बिनबलकाची, कधी नुसत्या पातळ पापुद्र्यातली. महिन्याभरात कारखाना मार्गी लागतो.

कारखाना हाच शब्द मला पुढे खटकायला लागला. ज्या रानकोंबडीपासून आपली कोंबडी आली, ती वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिल्लं काढायला. आजची अंड्यांसाठी निवडत आणलेली कोंबडी वर्षाला तीनशेपर्यंत जाते. एका अंड्याला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाचे. त्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. ते बहुतेक रात्री जमत असतं, म्हणजे पोटात नवा दाणा पडत नसताना. मग कमी पडेल ते कॅल्शियम ती आपल्याच हाडांतून काढते. हे कळल्यापासून मी शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळी आठवणीने भरते. त्याचे तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात.

दिवस लहान झाले की अंडी थांबतात, कारण अंडाशय जोमात चालायला चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. खुराड्यात दिवा लावून ती चालू ठेवता येतात. आम्ही लावत नाही. घरात यावर वाद झाला होता. "दिवा लावला तर काय बिघडतं?" असं नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि तसं बघितलं तर फार काही बिघडत नाही. पण वर्षातून काही आठवडे तिच्या हाडांना सुट्टी मिळावी, असं मला वाटलं, आणि दिव्याची वायर ओढायचं काम शेवटी त्याचंच होतं, त्यामुळे वाद लवकर मिटला.

पैशांचं म्हणाल तर एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. त्यात खुराडं, जाळी, भुसा, औषधं धरली तर घरचं अंडं बाजारच्या अंड्यापेक्षा स्वस्त कधीच पडत नाही. स्वस्त अंड्यांसाठी कुणी कोंबड्या पाळत असेल तर त्याने आजच थांबावं.

सहा पिल्लांतलं एक कोंबडा निघालं. पिल्लाचं लिंग पहिल्या दिवशी ओळखणारे तरबेज लोक असतात, पण तेही चुकतात. आम्ही त्याचं नाव शाहीर ठेवलं. अंडी घालायला कोंबड्याची गरज नसते; तो असला तर अंडी फलित होतात, इतकंच. पण तो असताना कळपाची शिस्त बघण्यासारखी होती. काही चांगलं सापडलं की तो स्वतः खायचा नाही. तुकडा उचलायचा, टाकायचा, टुक-टुक-टुक आवाज काढायचा आणि बायकांना बोलवायचा. आकाशात घार दिसली की एक प्रकारची हाक, जमिनीवर मांजर दिसलं की दुसरीच. पहिलीला सगळ्या झुडपाखाली दडायच्या, दुसरीला ताठ उभ्या राहून बघायच्या.

आरवणं ही त्याची दुसरी बाजू. जवळून मोजलं तर ते 100 डेसिबलच्या वर जातं. चोच पूर्ण उघडली की कोंबड्याच्या स्वतःच्या कानाची वाट बऱ्याच अंशी मिटते, त्यामुळे त्याला त्रास नसतो. शेजारच्या काकूंना ही सोय नव्हती. "अगं, तुमच्या शाहिराला रविवार कळत नाही का गं?" असं त्यांनी हसत विचारलं, पुढच्या वेळी न हसता विचारलं. रात्री त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवून बघा, असा सल्ला मिळाला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आम्ही मग प्रत्यक्ष अनुभवली. कारण कोंबडा उजेड बघून आरवतो असं नाहीच. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या अंदाजाने आरवतात. घड्याळ त्यांच्या आत असतं. शाहीर शेवटी मोकळ्या माळावरच्या एका मोठ्या कळपात गेला. वस्तीत राहणाऱ्याने पिल्लं आणण्याआधीच ठरवून ठेवावं की कोंबडा निघाला तर तो कुठे जाणार; आणि कोंबड्या पाळायला परवानगी आहे का, कोंबडा चालतो का, हेही आधीच विचारून घ्यावं.

शाहीर गेल्यावर तांबडी प्रमुख झाली. कोंबड्यांच्या या उतरंडीचा पहिला नीट अभ्यास 1920च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी मांडला. लहानपणापासून ते कोंबड्यांकडे बघत आणि कोण कुणाला चोच मारते हे टिपून ठेवत. मला त्यांचं आश्चर्य वाटत नाही. परसात खुर्ची टाकून बसलं की आपोआप तेच सुरू होतं. तांबडी सगळ्यांना मारते, तिला कुणी मारत नाही. त्याखाली भुरी, मग ठिपकी, आणि तळाला दुधी. दुधीला शेवटी खायला मिळतं, म्हणून दाण्याची भांडी दोन ठेवायची आणि ती एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवायची. एक तांबडी एका वेळी एकाच भांड्याची राखण करू शकते.

खरा आनंद या खुर्चीत आहे. त्यांना धुळीत लोळताना बघावं. खड्डा करायचा, कुशीवर पडायचं, पायाने माती पिसांत उडवायची, डोळे मिटायचे. उवा आणि पिसवा झटकायचा त्यांचा तो मार्ग आहे, पण बघणाऱ्याला त्यात फक्त ऐष दिसते. दुपारी उन्हात एक पंख आणि एक पाय लांब करून अशा पडतात की पाहुणा दचकतो. आकाशात काही हललं की मान तिरकी करून एक डोळा वर लावतात. दाणा शोधायला त्या उजवा डोळा जास्त वापरतात आणि शिकाऱ्यावर नजर ठेवायला डावा. एकदा कळलं की मग ते सारखं दिसायला लागतं. मागचं दार वाजलं की चौघी धावत येतात. कोंबडीचं धावणं ज्याने समोरून बघितलंय त्याला त्या दिवशीचं दुःख थोडं तरी कमी वाटतं. माझ्यावर त्यांचं प्रेम आहे असा माझा दावा नाही. भुरी मांडीवर येऊन बसते ती मांडी उबदार असते म्हणून, हे मला माहीत आहे आणि चालतं.

ठिपकी वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायचं तिच्या डोक्यात शिरतं. सकाळी खोक्यात हात घातला की पिसं फुलवून अंगात आल्यासारखी घोगरं गुरगुरते. छातीची पिसं उपटून खाली अंथरते, दिवसातून एकदाच उठते, खाते-पिते, एक राक्षसी विष्ठा टाकते आणि पुन्हा जाऊन बसते. खाली अंडं असायला हवं असंही नाही, खड्यावरही बसते. फलित अंडी नसतील तर तिला तसंच बसू देणं बरं नव्हे, ती वाळत जाते. खालून हवा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला थोडे दिवस ठेवलं, पोटाची ऊब उतरली, की भानावर येते. पिंजऱ्यातून ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, त्याची सवय मला अजून झालेली नाही.

मग पिसं झडतात. वर्षातून एकदा, बहुतेक दिवस लहान व्हायला लागले की, मानेपासून सुरुवात होऊन शेपटीपर्यंत. पिसांचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांचा असतो, त्यामुळे सगळी ताकद तिकडे जाते आणि अंडी दोन-तीन महिने बंद. दुधी त्या काळात इतकी उघडी पडते की बघणाऱ्याला आजारी वाटावी. नव्या पिसांचे कोंब दुखरे असतात, उचलून घेऊ नये. प्रथिनं वाढवावीत आणि गप्प बसावं.

रात्री दार बंद करणं हे वर्षाचे सगळे दिवस करायचं काम आहे. अंधार पडायला लागला की कोंबड्या आपणहून आत जातात, त्यांना अंधारात फारसं दिसत नाही. हाकायला लागत नाही. पण कडी लावायला माणूस हवा. लग्नं, प्रवास, सिनेमे, सगळ्यांच्या आड ही कडी येते. आपोआप बंद होणारी दारं मिळतात, आम्हीही बसवलं, तरी कुणीतरी जाऊन दांडीवरची डोकी मोजतंच. काकूंनी सुट्टीत ही जबाबदारी घेतली, शाहीर गेल्यानंतर अर्थातच, आणि आता त्या मला दुधीच्या तब्येतीविषयी सूचना देतात.

दाणा रात्री बाहेर ठेवला की उंदीर येतात, उंदरांमागे साप. म्हणून खाद्य पत्र्याच्या डब्यात आणि भांडी रात्री आत. हात धुण्याबाबत मी घरात हुकूमशहा आहे. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पिल्लांचे मुके घ्यायचे नाहीत, खुराड्याच्या चपला घरात आणायच्या नाहीत. रानपक्ष्यांनी त्यांच्या भांड्यात तोंड घालू नये याचीही काळजी घ्यायची, कारण बर्ड फ्लू त्या वाटेने येतो. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळं होऊ नये, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं.

काजळी आमची पाचवी. काळीभोर, उन्हात हिरवी चमक मारणारी, आणि पहिली दोन वर्षं सगळ्यांत जास्त अंडी देणारी. कोंबडी आजार लपवते. कळपात अशक्त दिसणं तिला परवडत नाही. त्यामुळे आपल्याला कळतं तेव्हा तिला कळून बरेच दिवस झालेले असतात. काजळी दांडीवर चढायला थोडा उशीर करायला लागली, बाकीच्या उकरत असताना उभी राहायला लागली, शेपटी खाली गेली. पोट हाताला पाण्याने भरलेलं लागलं. कोंबड्यांना पाळीव प्राणी म्हणून तपासणारे डॉक्टर कमी असतात. आम्हाला मिळाले त्यांनी नीट बघितलं आणि सांगितलं, बलक अंडनळीत जायच्या ऐवजी पोटात पडतोय आणि तिथे संसर्ग झालाय. पोटातलं पाणी काढलं, प्रतिजैविकं दिली. औषध चालू असताना आणि त्यानंतरही काही काळ कोंबडीची अंडी खायची नसतात, हे त्यांनी बजावलं, पण ती अंडी द्यायच्या पलीकडे गेली होती. थोडे दिवस बरी वाटली. पुन्हा पाणी भरलं तेव्हा त्यांच्याच हातून तिला शांतपणे जाऊ दिलं.

नंतर मी वाचत बसले. जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये हे नेहमीचं आहे. अंडाशयाचा कर्करोगही त्यांच्यात आपणहून इतका होतो की माणसातल्या त्या रोगाच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबड्याच वापरतात. ज्या अंड्यांचं आम्ही कौतुक करत होतो, त्यांचीच ती किंमत होती. सहा-आठ वर्षं जगू शकणारा हा पक्षी पहिल्या दोन वर्षांत भरभरून देतो, आणि त्यानंतरची सगळी वर्षं आपली परीक्षा. तांबडीने अंडी देणं थांबवलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

आता दोन नव्या तलंगा आल्यात. एकच आणू नये. एकटीला सगळ्या मिळून मारतात. त्यांना आधी काही आठवडे लांब, वेगळं ठेवलं, रोग येऊ नये म्हणून. आता मधल्या जाळीपलीकडे आहेत, दिसतात पण सापडत नाहीत. तांबडी रोज सकाळी जाळीशी जाऊन मानेची पिसं फुलवते आणि त्यांना काय ते सुनावते. जाळी काढल्यावर थोडी चोचाचोची होणारच. रक्त आलं तरच मध्ये पडायचं. खाद्याचा प्रश्न तेवढा होता. अंडी देणारीच्या खाद्यात कॅल्शियम इतकं असतं की वाढत्या तलंगेच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही, आणि अंडी न घालणाऱ्या तिघींनाही त्याची गरज नाही. म्हणून सगळ्यांना वाढीचंच खाद्य सुरू केलंय आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलाय. त्या वाटीकडे सध्या एकटी भुरी जाते.